सुरक्यावरची पँट

१९६९ साल. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं. मी तेव्हा अंधेरीच्या एका शाळेत आठवीत होतो. वेसाव्याहून त्या शाळेत जाणारी आम्ही कोळ्यांची चार-पाचच पोरं. आता लोक आमच्या गावाला वर्सोवा म्हणतात, आम्ही वेसावाच म्हणतो. त्या वर्षी शाळाशाळांतून गांधीजींवर निबंध, भाषणं, प्रदर्शनं यांची नुसती धूम होती. आमच्याही शाळेत निबंधाची स्पर्धा लागली. मी विषय घेतला, गांधीजींचा पंचा.

गुरुजींनी सांगितलेलं सगळं मी त्यात घातलं. १९२१ साली मदुरैला गांधीजींनी अंगावरचे कपडे उतरवून पंचा कसा जवळ केला, १९३१ साली लंडनला राजाच्या भेटीला जातानासुद्धा तोच पंचा कसा सोडला नाही, हे मी अगदी रंगवून लिहिलं. गरिबाच्या अंगावर जेवढं कापड, तेवढंच आपल्या अंगावर, असं काहीसं शेवटी ठोकून दिलं. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला पालकांनी यावं असं गुरुजी म्हणाले.

घरी आलो तेव्हा बाबा अंगणात जाळं सांधत बसले होते. मी बक्षिसाचं सांगितलं. बाबांनी हातातली सुई थांबवली. "बरा," म्हणाले, "मी येतंय." त्यांचा चेहरा खुलला होता. बापाच्या पिढीत कुणी पाचवीच्या पुढं गेलेलं नव्हतं आणि पोराला शाळेत बक्षीस.

मी तिथंच घुटमळत उभा राहिलो. मग म्हणालो, "बाबा, सुरका नेसून नको येऊ."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "मंग काय घालून येव?"

"प्यांट."

"तुना लाज वाटते कं?"

मी काही बोललो नाही. बाबांनी पुन्हा सुई उचलली आणि जाळ्यात घातली.

सुरका म्हणजे काय, ते आता आमच्या गावातल्या पोरांनासुद्धा सांगावं लागतं. चौकटीचं एक चौकोनी कापड. ते तिरकं दुमडलं की त्रिकोण होतो. त्रिकोणाची दोन टोकं कमरेला आवळून गाठवायची, तिसरं टोक पुढं मांड्यांवर लोंबतं. आत लंगोटी. मांड्या, पोटऱ्या सगळं उघडं. अंगात कोपरी, नाहीतर काहीच नाही. डोक्याला टोपी, कमरेला करगोटा आणि त्याला अडकवलेली सुरी. बस्स, कोळ्याचा पोशाख संपला.

हा पोशाख गरिबीचा, असं अंधेरीतल्या पोरांना वाटायचं. ती मागून 'लंगोटीवाले' म्हणून चिडवायची आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पण बाबांच्या होडीवर चार-दोनदा गेलो तेव्हा कळलं, की दर्यावर दुसरं काही अंगावर टिकतच नाही. होडी किनाऱ्याला लागायच्या आधी कमरेएवढ्या पाण्यात उडी मारावी लागते. डोलीचं जाळं ओढताना अंगावर लोंबणारं काही असेल तर ते दोरात अडकतं, आणि दोरात अडकलेला माणूस जाळ्याबरोबर खाली जातो. ओला सुरका पिळून उन्हावाऱ्यात धरला की घटकाभरात वाळतो. ओली पँट दिवसभर वाळत नाही आणि खाऱ्या पाण्यानं मांड्या सोलवटून काढते. पाणी, चिखल आणि दोर यांनी मिळून तो पोशाख बेतला होता. शिंप्याचा त्यात काही हात नव्हता.

बायांचंही तसंच. आमच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, म्हणून लुगड्याला आम्ही लुगरं म्हणतो. नऊवार लुगरं, पण कोळीण ते नेसते गुडघ्यापर्यंत, घट्ट, मागं कास्टा ओढून. माझी आजी सगळं लुगरं कमरेलाच नेसायची आणि वर खांद्यावरून वेगळी फडकी घ्यायची. आईच्या पिढीत पदर खांद्यावर आला. ओहोटीच्या चिखलातून डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या बाईला घोट्यापर्यंतचं लुगडं काय कामाचं? मासळी भरायची, बोंबील वलांडीवर वाळत घालायचे, बाजारात उकिडवं बसून दिवसभर विळी चालवायची. पाय मोकळे हवेत आणि अंग झाकलेलंही हवं. हे दोन्ही एकाच कापडात साधायचं ते कास्ट्यानं साधलं.

आजीच्या उजव्या हातात काचेची बांगडी कधी नसायची. हिरव्या बांगड्या फक्त डाव्या हातात. लहानपणी मी कारण विचारलं, तर म्हणाली, लग्नाच्या वेळी उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला दिल्या. तू माझ्या बांगड्या घे आणि माझा धनी मला परत दे, असा तो व्यवहार. सोनकोळ्यांची ही जुनी रीत. ज्या हातानं दिवसभर मासळी कापायची त्या हातात काच नसलेलीच बरी, हेही मला पुढं सुचलं. पण आजीसमोर तसं बोलण्याची माझी हिंमत झाली नाही.

तर असं. बाई आणि पुरुष दोघांच्याही अंगावर एकेक न कापलेलं, न शिवलेलं कापड. बाईची चोळी आणि पुरुषाची कोपरी सोडली तर सुईदोऱ्याचा संबंध नाही.

हे किती जुनं असावं, याचा पहिला अंदाज मला कुठल्या पुस्तकानं दिला नाही. तो आईनं दिला. नोकरीला लागल्यावर एका महाशिवरात्रीला मी तिला बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत घेऊन गेलो होतो. त्या दिवशी तिथं जत्रेसारखी गर्दी असते. तिसऱ्या नंबरच्या मोठ्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर जोडप्यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. इसवीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या, म्हणजे सातवाहनांच्या काळातल्या. पुरुषाच्या डोक्याला भलंमोठं मुंडासं, बाईच्या पायात जाड तोडे, दोघांच्याही कमरेला गुंडाळलेलं वस्त्र आणि वरचं अंग उघडं. गर्दीतली काही पोरं मूर्तींकडं बघून फिदीफिदी हसत होती. आई मात्र पुढं झाली, मूर्तीच्या कमरेकडं निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "ही तं आपलीच मानसा. कापर फारलेलं नाय."

कापड फाडलेलं नाही. अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या शेठसावकारांमध्ये आणि आपल्यात आईला तेवढं एकच सारखं दिसलं, आणि ते बरोबर होतं. पूर्वी आपल्याकडं बाई आणि पुरुष यांच्या कपड्यात फार अंतर नव्हतं. दोघंही कापड नेसत. घालत नव्हते. मराठीनं हा फरक अजून जपून ठेवला आहे. धोतर, लुगडं, सुरका आपण नेसतो आणि सदरा, पँट, झगा घालतो. नेसायला माणसाचा हात लागतो. घालायला कपडा आधीच कुणीतरी तयार करून ठेवलेला असतो.

पुढं शिवलेले कपडे हळूहळू आले. दरबारी लोकांच्या अंगावर अंगरखे, बाराबंद्या आल्या, डोक्यावर पगड्या आल्या. बाईच्या अंगात खणाची चोळी आली. आमच्या किनाऱ्यावर १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल बसला. त्यांच्याबरोबर शर्टाचं काज आलं आणि इस्तरी आली. हे दोन्ही शब्द त्यांच्याच भाषेतले. वेसाव्याच्या खाडीपलीकडं मढला त्यांनी किल्ला बांधला, तो १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. या दोनशे वर्षांत खाडीपलीकडचे कितीतरी कोळी ख्रिस्ती झाले. देव बदलला, नावं बदलली. लुगडं मात्र बदललं नाही. जानेवारीत एरंगळच्या चर्चची जत्रा भरते. आई तरीनं खाडी ओलांडून तिथल्या ओळखीच्या बायांकडं जायची. त्या गळ्यात क्रूस घालत आणि आई काळी पोत. पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर मागून कास्टा सारखाच. त्याही लुगड्याला लुगराच म्हणतात. राज्य आणि धर्म बदलूनही जे बदललं नाही, ते माझ्यासारख्या आठवीतल्या पोराच्या एका वाक्यानं बदललं. हे मला आजही विचित्र वाटतं.

त्या समारंभाच्या दिवसाकडं पुन्हा येतो. बाबांनी बाजार गल्लीतल्या शिंप्याकडून खाकी पँट शिवून घेतली. दोन दिवस आधी ती घरी आली, पण बाबांनी अंगाला लावून पाहिली नाही. समारंभाच्या संध्याकाळी ते शाळेत आले. अंगात पांढरा सदरा, खाली पँट, पायात चुलत्याच्या चपला. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मागं पाहिलं. बाबा टाळ्या वाजवत होते. पण ते बसले होते असे, जणू ती खुर्ची आणि ती पँट दोन्ही दुसऱ्याची आहे आणि थोड्या वेळात परत करायची आहे.

हेडमास्तरांनी माझ्या निबंधातला एक उतारा वाचून दाखवला. पंचाचाच. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना वाटलं पोरगा विनयशील आहे.

घरी परतताना बाबांचं चालणं मला विचित्र दिसत होतं. पाय फाकवून, जड जड. रात्री आईला ते सांगत होते, ते मी गोधडीतून ऐकलं. पँटीच्या आत त्यांनी सुरका नेसला होता. नुसत्या पँटीत उघडं असल्यासारखं वाटतं, म्हणाले. पोट आवळणारं काही नाही, कमरेला गाठ नाही. आई तोंडाला पदर लावून हसली. बाबाही हसले. मी गोधडीत डोकं घालून घेतलं.

त्यानंतर बाबांचा एक नेम झाला. गावात सुरका, गावाबाहेर पँट. बँकेत, सोसायटीच्या कामाला, मंत्रालयात शिष्टमंडळ घेऊन जायचं झालं की पँट. माझ्या शाळेत सुरक्यात ते पुन्हा कधीच आले नाहीत. हळूहळू गावातल्या गावातही सुरका कमी होत गेला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला तो फक्त होडीवर उरला, आणि मग तिथूनही गेला.

हे एकट्या माझ्या बाबांचं झालं नाही. त्या दहा-पंधरा वर्षांत वेसाव्याच्या सगळ्या पुरुषांचा पोशाख बदलला. कारणं बरीच होती. होड्यांना इंजिनं बसली. त्यासाठी कर्ज काढायचं तर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. टेबलामागचा माणूस पँटीतला, त्याच्यापुढं उघड्या मांड्यांनी उभं राहायचं म्हणजे निम्मं काम आधीच बिघडलेलं. त्याच सुमाराला सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली. जाळं सुताचं होतं तोवर अंगावर सूत होतं. जाळं नायलॉनचं झालं आणि अंगावर टेरिलिन आलं. पोरं शिकली, गोदीत, महापालिकेत, बँकेत लागली. मी स्वतः बँकेत लागलो आणि छत्तीस वर्षं पँटीत काढली.

पण मग बायांनी लुगडं का सोडलं नाही? आईनं तर मरेपर्यंत सोडलं नाही. शाळेतल्या त्या प्रकारानंतर काही वर्षांनी, कॉलेजात असताना, मी हाच प्रयोग तिच्यावर करून पाहिला. म्हटलं, आता पाचवारी गोल नेसत जा, सुटसुटीत पडेल. ती पाटी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "लुगरं सोरलं तं गिऱ्हाईक मना वलखंल कसा?"

मला त्यावर उत्तर सुचलं नाही. पुढं विचार केला तेव्हा लक्षात आलं, की आमच्याकडच्या बदलाचं सगळं मर्म या प्रश्नात आहे. पुरुषाचं काम दर्यावर, तिथं बघणारं कुणी नाही. तो लोकांत यायचा तो अर्जदार म्हणून, कर्जदार म्हणून, पालक म्हणून. त्या प्रत्येक ठिकाणी सुरका त्याला कमी लेखायला लावायचा. बाईचं उलटं. ती लोकांत जायची ती धंदेवाली म्हणून. अंधेरीच्या बाजारात, लोकलच्या मालडब्यात, बंगल्याच्या दारात, लुगडं हीच तिची पाटी. त्या लुगड्याकडं बघून गिऱ्हाईक समजायचं, की ही कोळीण आहे, मासळी आजची आहे, दलालाकडची नाही. तिथं पाचवारी नेसून बसणं म्हणजे दुकानावरचा फलक आपल्याच हातानं उतरवणं. पैसे ती कमवायची, हिशेब तिच्याकडं, कमरेची पिशवी तिची. तिला पोशाख बदलायला सांगणारा मी कोण?

पाचवारी नेसणीची गोष्ट आईला सांगितली असती तर तिला गंमत वाटली असती. ज्याला आज सगळा देश भारतीय साडी म्हणतो, ती परकर-पोलक्यावरची गोल नेसण काही फार प्राचीन नाही. रवींद्रनाथ ठाकुरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये नवऱ्याच्या नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आल्या. बाहेर लोकांत वावरायचं तर काय नेसावं, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. इथल्या पारशी बायांची नेसण पाहून त्यांनी आपली नवी पद्धत बसवली, परकर-पोलक्यासकट, आणि ती बंगालात नेली. म्हणजे तिथंही तेच. घराबाहेर कुणाच्या नजरेसमोर उभं राहायचं आहे, त्यावरून कापड ठरलं.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा होईल. जुना पोशाख सोडणं म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी गमावणंच असतं, असं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायांची सभा घेतली. गुडघ्यावर आखूड लुगडं आणि गळ्याहातांत कथलाचे-चांदीचे जड दागिने, यावरून तुमची जात लांबून ओळखू येते, ती खूण टाकून द्या, नीट पायघोळ लुगडं नेसा, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. बायांनी ते लगेच मनावर घेतलं. त्यांच्यासाठी लुगडं चार बोटं खाली येणं ही सुटका होती. गुडघ्यावरचं लुगडं तेच, पण ते कुणी आपल्या कामासाठी नेसलेलं आणि कुणावर लादलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका मित्रानं मला त्याच्या आजीची ही आठवण सांगितली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की बाबांनी पँट घालावी या माझ्या हट्टात सगळंच चुकीचं नव्हतं. बाबांना मान मिळावा असं मला वाटत होतं. चूक एवढीच झाली, की मान मिळण्यासाठी मी टाळ्या वाजवणाऱ्यांना काही सांगितलं नाही, बाबांना सांगितलं.

बाबा १९९४ मध्ये गेले. आईनं लुगड्याचा रंग बदलला, नेसण तीच ठेवली.

२०१८ च्या पावसाळ्यात आई घराच्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ती ऐंशीच्या पुढं होती. ऑपरेशन झालं, घरी आली, पण उभं राहून लुगडं नेसणं संपलं. डॉक्टर म्हणाले, गाऊन घाला, सोयीचं पडेल. बायकोनं मऊ सुती गाऊन आणले. पहिल्या दिवशी आईनं तो घातला आणि दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी मी जवळ बसलो तर म्हणाली, "यो काय झगा? याला बांदाला कायच नाय."

मला बाबांची ती रात्र आठवली. कमरेला गाठ नाही, उघडं असल्यासारखं वाटतं. दोघांची तक्रार अक्षरशः एकच होती, मध्ये पन्नास वर्षं गेली होती एवढंच.

पुढच्या वर्षी पुतण्याची हळद होती. आता आमच्याकडं हळदीला सगळे 'कोळी ड्रेस' घालतात. वर्षभर जीन्स घालणारी पोरं त्या दिवशी सुरक्यासारखं काहीतरी कमरेला लावतात, पोरी शिवलेली नऊवारी चढवतात. माझ्या मुलीनंही ऑनलाइन मागवली. ती मालाडला कंपनीत कामाला. खोलीतून दोन मिनिटांत तयार होऊन आजीला दाखवायला आली. आईनं तिला वळायला सांगितलं. मागं कास्ट्याच्या जागी चेन होती.

आई खूप दिवसांनी खदखदून हसली. म्हणाली, "पोरी, यो तं शिवलेला पायजमा हाय. काढ."

मग तिनं पेटीतलं आपलं लुगडं काढायला लावलं. पलंगावर उशीला टेकून बसल्या बसल्या ती सांगत गेली आणि माझी मुलगी लेगिंगवर नेसत गेली. पयली गाठ बेंबीखाली, अजून आवळ, पोट आत घे. निऱ्या धर, एवढ्या जाड नको. आता पायांतून घे, मागं वड, अजून वड. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा आईनं हाक मारून तिला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या हातानं कास्टा खोचला. पोरगी चार पावलं चालली, उकिडवी बसली, उठली. लुगडं जागचं हललं नाही. "पप्पा," ती मला म्हणाली, "यात पळतासुद्धा येईल." आई म्हणाली, "पलताच आलो जनमभर."

नंतर तो दोघींचा खेळच झाला. रविवारी मुलगी मुद्दाम नेसायची आणि आई चुका काढायची. माझी बायको पाचवारी नेसते, तिला नऊवारी येत नाही. आमच्या घरात हे येणारी आईनंतर एकच जण तयार झाली, ती संगणकावर काम करणारी.

एप्रिल २०२१ मध्ये आई गेली. वय झालं होतं, झोपेतच गेली. एरवी अशा वेळी गल्लीतल्या जाणत्या बाया येतात, आंघोळ घालतात, नेसवतात. पण ते करोनाचे दिवस. अंत्यविधीला माणसांची मर्यादा, म्हाताऱ्या बायांना त्यांची पोरं घराबाहेर सोडत नव्हती. आईच्या अंगावर गाऊन होता. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. बायको बाहेर आली, म्हणाली, "गाऊनमध्येच न्यायचं का? मला तर लुगडं येत नाही." तेवढ्यात मुलगी आतून म्हणाली, "मी नेसवते."

तासाभरानं आईला बाहेर आणलं. हिरवट रंगाचं सुती लुगडं, गुडघ्याखाली घट्ट बसवलेलं, कास्टा ओढलेला. अंधेरीच्या बाजारातलं कुठलंही गिऱ्हाईक तिला लांबून ओळखलं असतं.

पेटीत लुगड्यांच्या खाली एक चौकटीचं कापड घडी घालून ठेवलेलं होतं. बाबांचा सुरका. आईनं तो सत्तावीस वर्षं तसाच धुऊन ठेवला होता. कडा विरल्या होत्या, मधली वीण अजून घट्ट होती.

२०२२ च्या नारळी पौर्णिमेला गावची मिरवणूक पुन्हा धडाक्यात निघाली. त्या सकाळी मी दार लावून घेतलं आणि आरशापुढं उभा राहून तो सुरका नेसायला लागलो. वय सहासष्ट. तिरकी घडी घातली, दोन टोकं कमरेला आवळली. गाठ सुटली. पुन्हा मारली. बाबा ती एका हातानं, होडी हलत असताना मारायचे. पाचव्या वेळी जमली. मग तसाच घराबाहेर पडलो. मांडवी गल्लीतून किनाऱ्याकडं जाताना दोन-चार म्हाताऱ्यांनी मला थांबवून खांद्यावर हात ठेवला. एकानं बाबांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "अक्षी बापसासारका दिसतंस."

पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. मी किनाऱ्यावर उभा राहिलो, दर्याला नारळ दिला. वारा पायांना लागत होता.

आता खरं ते सांगतो. आत मी हाफ पँट घातली होती. बाबांना पँटीच्या आत सुरका लागला आणि मला सुरक्याच्या आत पँट. एका पिढीत एवढं अंतर पडलं. ते मोजायचं तर मला दुसरं माप ठाऊक नाही.